मागच्याला दिसणारा दिवा

मामांनी मोटरसायकल सोडायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांना वाईट वाटलं. तज्ज्ञाने त्याच दिवशी हेल्मेट विकत घेतलं.

तज्ज्ञ म्हणजे मामांचा थोरला भाचा. हे नाव घरच्यांनी ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलंय असं समजणारा घरात तो एकटाच होता. तो गाद्यांच्या दुकानात नोकरीला होता. दिवसभर गिऱ्हाइकं बुटांसकट गाद्यांवर आडवी होत, डोळे मिटून ‘जरा कडक दाखवा’ म्हणत, आणि तज्ज्ञ टाय लावून त्यांच्याकडे वरून बघत उभा राही. माणसांकडे वरून बघायची सवय त्याला तिथे लागली, की ती आधीच होती म्हणून त्याने ही नोकरी धरली, हे सांगणं अवघड आहे.

संध्याकाळी मात्र सगळं उलटं होई. दुकानाचा टेंपो गाद्या पोचवायला निघे आणि तज्ज्ञाचं घर त्याच्या वाटेवर होतं. पुढे ड्रायव्हर आणि हमाल बसत. तज्ज्ञ मागे, गाद्यांत. सिग्नलला एकदा मागच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून ‘कितीला?’ असं विचारलं होतं. गादीबद्दलच विचारलं असावं. पण तज्ज्ञ त्या रात्री जेवला नाही.

म्हणून त्याला ती मोटरसायकल हवी होती. हवी म्हणजे अशी, की ती नाही मिळाली तर उरलेलं आयुष्य त्याला टेंपोच्या मागच्या फळीवरून बघावं लागणार होतं.

मामा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला धक्का लावला नव्हता, आणि इतर लोक मुलगा परदेशात असल्याचं सांगतात तशा आवाजात ते हे सांगत. त्यांना मूलबाळ नव्हतं. आता गुडघ्याने किक मारायला साफ नकार दिला होता. गाडी द्यायची तर दोघांपैकी एकाला: तज्ज्ञाला, नाहीतर धाकट्या भाचीला, म्हणजे तज्ज्ञाच्या मावसबहिणीला. धाकटी कवळ्या बनवायची. मामांच्या तोंडात होती तीही तिनेच केलेली. तिच्याकडे बटणावर चालू होणारी एक स्कूटर होती आणि ती ती इतकी सांभाळून चालवी, की तज्ज्ञ तिला गोगलगाय म्हणे.

“असं करू,” मामा म्हणाले. “आठवडाभर गाडी एकाने ठेवायची, नंतरचा आठवडा दुसऱ्याने. काय करायचं ते करा तिचं. मग दिवेलागणीला मी स्कूटरवरून तुमच्या मागून येणार. माणूस मागूनच कळतो. ज्याच्या मागून जाताना मला झोप येईल, गाडी त्याची.”

“झोप?” तज्ज्ञ म्हणाला.

“हां. गाडी चालवताना मागच्याला झोप यायला लागली, म्हणजे पुढचा बरा चालवतोय.”

वय झालं की माणसं असंच काहीतरी बोलतात, हे तज्ज्ञाला ठाऊक होतं. त्याने समजूतदारपणे मान डोलावली.

पहिला आठवडा धाकटीचा. तिने गाडी धुतली, चेनला तेल दिलं आणि मागच्या दिव्याचा उडालेला बल्ब बदलून तसाच साधा बल्ब बसवला. बस्स. ठरल्या संध्याकाळी ती पुढे निघाली, मामा तिच्या स्कूटरवर मागे, आणि तज्ज्ञ मामांच्या मागे बसून तिच्या पाठीकडे बघत होता. मोटरसायकलचा मागचा दिवा मिणमिणत होता. ब्रेक दाबला की तो जरा उजळे, सोडला की पुन्हा मिणमिणे.

“घासलेटचा दिवा बसवलाय काय गं?” परत आल्यावर तज्ज्ञाने विचारलं. “या युगात बल्ब? एलईडी नावाची गोष्ट असते.”

“असते ना. मला जुना बल्ब सापडला, तो लावला. चालतोय की.”

“चालतोय! गोगलगायही चालते.”

मामांनी मोठी जांभई दिली. तज्ज्ञाला वाटलं, कंटाळले. त्याला फार बरं वाटलं.

गाडी त्याच्या ताब्यात आली तेव्हा काय करायचं हे ठरलेलंच होतं. तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. दुकानदाराने एलईडीचा लाल बल्ब काढून दिला आणि सांगू लागला, “हे बघा, याच्या कमरेला दोन पिना आहेत. एक जरा वर, एक जरा खाली. म्हणजे होल्डरमध्ये तो एकाच बाजूने जातो. दाबायचा आणि फिरवायचा. नाही गेला तर उलटा धरलाय समजायचं आणि…”

“मी बघतो,” तज्ज्ञ म्हणाला. आयुष्यात कधी गादी विकली नाही तो माणूस त्याला शिकवत होता.

घरी येऊन त्याने मागची लाल काच उघडली, धाकटीचा बल्ब दोन बोटांत झुरळासारखा धरून बाहेर काढला आणि नवा बसवायला घेतला. गेला नाही. त्याने दाबला. गेला नाही. त्याने जोर केला, दम टाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की कंपनीकडून चूक झाली आहे. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनिअर, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की एक पीन चुकीच्या जागी बसलीय. त्याला त्या इंजिनिअरांची कीव आली. त्याने आईच्या कपाटातून नखं घासायची पट्टी आणली आणि ती पीन घासून सपाट केली.

आई दारात चहा पीत उभी होती. ती मामांची धाकटी बहीण. तिने मोटरसायकलच्या टाकीवर हात फिरवला आणि विचारलं, “हिचा क्लच अजून तसाच कडक आहे का रे?”

“आई, मध्ये बोलू नकोस, काम चाललंय.”

बल्ब बसला. चावी फिरवताच मागे असा लालभडक उजेड पडला की मागच्या भिंतीवरची पाल निघून गेली. तज्ज्ञ हेल्मेट घालून सीटवर बसला. दिव्याकडे पाठ.

“आई, मागे उभी राहा. दिवा लागलाय का?”

“लागलाय.”

त्याने ब्रेक दाबला. “आता?”

“लागलाय.”

“आता सोडला. आता?”

“लागलाय.”

“नीट बघ गं! आता दाबलाय. फरक काय पडला?”

“फरक काय पडायचाय? मघापासून लागलाच आहे. दाबलास तरी तेवढाच, सोडलास तरी तेवढाच.”

“तू चहा पी,” तज्ज्ञ म्हणाला. जन्म साध्या बल्बाखाली गेलेल्या माणसाला प्रकाशातले बारकावे दाखवण्यात अर्थ नसतो. तिला डोळ्यांना सवय नव्हती, एवढंच.

ठरल्या संध्याकाळी मामा स्कूटरवर बसून आले. त्यांच्या मागे धाकटी होती. मामांनी भाच्याची गाडी मागून पाहिली आणि हात डोळ्यांवर धरला.

“भाचेराव, हे काय, भट्टी लावलीय?”

“एलईडी, मामा. आता तुम्ही लांबूनसुद्धा मला ओळखाल.”

“ओळख जुनी आहे आपली. चल.”

रस्ता तज्ज्ञाने निवडला होता. आपल्या दुकानावरून जाणारा. टेंपोच्या ड्रायव्हरने आणि विशेषतः हमालाने त्याला बघावं, ही त्यामागची साधी इच्छा. तो छाती काढून निघाला. मागून येणाऱ्या साऱ्या सामान्य जनतेवर आपला लाल उजेड पडतोय, या विचाराने त्याला उदार वाटत होतं.

मागे मामांची वेगळीच गत झाली होती. पुढचा दिवा भडक पेटलेला, म्हणजे भाच्याने ब्रेक दाबलाय. मामांनीही ब्रेक दाबला. भाचा पुढे निघून गेला. मामांनी वेग वाढवला. दिवा पेटलेलाच. पुन्हा ब्रेक. मागून हॉर्न वाजले, एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून मामांच्या वयाबद्दल मत दिलं. असं चार-सहा वेळा झाल्यावर मामा म्हणाले, “याचा दिवा सदाचाच पेटलेला आहे गं. याच्याकडे बघण्यात अर्थ नाही.”

“मामा, तू अंतर ठेव,” धाकटी म्हणाली. “दादा! अरे दादा, थांब जरा!”

तज्ज्ञाने आरशात पाहिलं. धाकटी हात हलवत होती. हरणाऱ्याने असं खिलाडूपणे हात हलवणं त्याला आवडलं. त्यानेही हलवला.

दुकानाच्या अलीकडच्या चौकात सिग्नलला तोच टेंपो उभा होता. मागची फळी पाडलेली, आत गाद्या. तज्ज्ञाला हवा तसा प्रसंग आयता चालून आला होता. टेंपोच्या अगदी मागे जाऊन, ऐनवेळी, रुबाबात थांबायचं, असं त्याने ठरवलं आणि तो तसा थांबला. कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. दिवा जसा होता तसाच राहिला.

मामांनी अंतर ठेवलं होतं, पण ते चालत्या गाडीपुरतं. उभ्या गाडीची खबर त्यांना कुणी दिलीच नाही. स्कूटर मोटरसायकलच्या मागच्या चाकावर धडकली. मोटरसायकल आडवी झाली, आणि तज्ज्ञ हेल्मेट, टाय आणि रुबाब यांच्यासकट पुढे उडाला तो थेट टेंपोत, गाद्यांवर.

कुणाला काही लागलं नाही. तज्ज्ञाला तर फारच मऊ लागलं. टेंपोच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं, मागे नेहमीचा माणूस नेहमीच्या जागी दिसला, सिग्नल सुटला होता, तो निघाला. पुढच्या वळणावर हमालाच्या लक्षात आलं की आज साहेबांची सुट्टी होती.

तज्ज्ञ चालत परत आला तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी केलेली होती. मामा फुटपाथवर बसले होते. त्यांचं तोंड आत गेलं होतं, कारण कवळी बाहेर पडली होती. ती मागच्या चाकापाशी पडली होती आणि एलईडीच्या उजेडात लालभडक हसत होती. धाकटीने ती उचलली, पाण्याच्या बाटलीखाली धुतली आणि मामांच्या हातात दिली. मामांनी ती तोंडात बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी ठोकलं होतं, आणि ते या माणसाला.

“मामा, चूक मागून धडकणाऱ्याची धरतात,” तज्ज्ञ म्हणाला. “नियम आहे.”

धाकटीने काच उघडून बल्ब काढला आणि उजेडात धरला. कवळीचा एखादा दात खरवडलेला तिला कळायचा, तिला पीन कळायला कितीसा वेळ?

“दादा, ही तू घासलीस?”

“कंपनीची चूक होती. मी दुरुस्त केली.”

“एक वर आणि एक खाली असते, उलटा बसू नये म्हणून. तू उलटा बसवलास. ब्रेक दाबल्यावर पेटायचं ते सदाचं पेटलेलं राहिलं. मग ब्रेक दाबलास हे कळणार कुणाला?”

“मला कळत होतं की!”

“तुला कळून काय करायचंय?” मामा म्हणाले. “तो दिवा तुझ्यासाठी असतो होय रे? आख्ख्या गाडीत तेवढी एकच वस्तू मागच्यासाठी असते. तेवढीही तुला सोडवली नाही. बसवल्यावर कुणाला बघायला उभं केलं होतंस का?”

“आईला केलं होतं. पण तिला काय कळतंय.”

मामांनी फोन मागितला आणि तिथेच बसून बहिणीला लावला.

“चिमे, याने तुला दिवा बघायला लावलं होतं ना? काय दिसलं?”

पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “काय दिसायचंय? दाबला तरी लागलेला, सोडला तरी लागलेला. सांगितलं मी. तर म्हणे चहा पी. का रे, काय झालं?”

“काही नाही. तुला क्लच आठवतो का हिचा?”

पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “न विचारता न्यायचे मी तुझी गाडी, तेव्हा तू झोपलेला असायचास. तुला कधी कळलं?”

“मी झोपेचं सोंग घ्यायचो. खिडकीतून तुला जाताना मागून बघायचो, मग खरीच झोप यायची.” मामांनी फोन बंद केला. “गाडी चिमीची. धाकटे, तुला चालेल?”

“मला स्कूटर आहे,” धाकटी म्हणाली. “मी तुला बरं वाटावं म्हणून आले होते.”

तज्ज्ञ हसला. उपहासाने हसायचा त्याचा इरादा होता, पण हेल्मेटमध्ये ते नीट जमलं नाही.

धाकटीने दुसरा एलईडी आणून नीट बसवून दिला. आईला क्लच आठवायला एक संध्याकाळ लागली. आता ती रोज सकाळी भाजी घ्यायच्या वाटेवर तज्ज्ञाला दुकानापर्यंत सोडते आणि संध्याकाळी घेऊन येते, त्यामुळे टेंपो सुटला. गाडी घरात आली की टेंपो सुटेल, हे तज्ज्ञाचं म्हणणं खरं झालं म्हणायचं. तो मागच्या सीटवर टाय सावरत बसतो आणि आई ब्रेक फार आधीपासून दाबते, गिअर उशिरा टाकते, हे तिच्या खांद्यावरून तिला सांगत असतो. ती ‘बरं’ म्हणते आणि सिग्नलला थांबते. तेव्हा त्याच्या बुडाखाली दिवा लख्ख उजळतो आणि मागे उभी असलेली सगळी माणसं वेळेवर थांबतात. हमाल तर दुकानाच्या पायरीवरून हातही हलवतो.

तज्ज्ञाला वाटतं, त्याच्याकडे बघून.