पहिला गिअर

पंधरा दिवस झाले, गाडी काही केल्या पहिल्या गिअरमध्ये निघेना. वाल्मिक मिस्तरी अगदी मेटाकुटीला आला होता.

छगनशेठची ही साठ वर्षांची विलायती मोटार, पांढऱ्या कातड्याच्या सीटांची, लग्नसराईत नवरदेव मिरवणारी. तिला क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. म्हणजे पडायला हवेत. स्टिअरिंगखाली एक दांडी आहे. ती डी-टूवर ठेवली की गाडी थेट दुसऱ्या गिअरमध्ये निघते. आणखी एक खाच खाली, डी-वनवर ओढली की पहिल्यात; चढावर तोच लागतो. एरवी दुसऱ्यातच निघायचं, का तर साहेबांना हिसका बसू नये म्हणे. असले चोचले इंग्रजांनाच सुचावेत! भेस्तानपासून पांडेसऱ्यापर्यंतच्या साऱ्या गॅरेजांत ही गिअरची पेटी उघडायची छाती एकट्या वाल्मिकची. अमळनेरहून इथल्या कापडाच्या लूमवर कामाला आलेला माणूस, पण आता बाकीचे गॅरेजवाले त्याला विचारायला यायचे.

आणि हीच गाडी भर वरातीत पुलाच्या चढावर अडली. पुढे बँड वाजतोय, आत नवरदेव बसलाय, आणि गाडी मागे मागे सरकतेय. शेठची चारचौघांत शोभा झाली.

वाल्मिकने तेल बदललं, तार आवळली, पेटी दोनदा उतरवून आतले पट्टे बदलले. खोट सापडेल तर शपथ. शेवटी शेठ म्हणाले, "राहू दे आता. आज चारला माणूस येतोय. ही पेटी काढून जीपची बसवेल, हाताने गिअर टाकायची." पेटी गेली की वाल्मिक हरला, हे अख्ख्या भेस्तानला कळणार होतं.

तीन वाजता त्याने शेठच्या ड्रायव्हरला, पंडितला, सांगितलं, "उतर. मी चालवतो."

पंडित बघतच राहिला. तेलकट कपड्यांनी सीटचं पांढरं कातडं खराब होईल म्हणून मिस्तरी त्या सीटवर कधी बसलाच नव्हता. चालवायची पंडितने, आणि वाल्मिकने गाडीखाली आडवं पडून कान लावायचा, अशी सात वर्षांची रीत. आज तो तसाच बसला. गेलं खड्ड्यात कातडं.

त्याने दांडी डी-वनकडे ओढली. डी-टूच्या पुढे ती सरकेचना.

"रोज इथंच थांबते?"

"हो. शेवटची खाच तीच ना? अक्षरं तर कधीचीच पुसलीत."

वाल्मिकने वाकून पाहिलं. दांडीच्या बुडाशी पूजेचा लाल नाडा, वेढ्यावर वेढे, लिंबाएवढा गुंडा झालेला. यंदाच्या वेढ्यानंतर तो दांडीखालच्या कव्हरला अडत होता, म्हणून दांडी शेवटच्या खाचेत जात नव्हती.

"कुणाचे हे उद्योग?" त्याने दातओठ खात विचारलं.

"तुम्हीच बांधतस ना भाऊ, दर दसराले," पंडित हळूच म्हणाला. "खिडकीमातून हात घालीसन."

खरंच होतं. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की गाडीला नाडा वाल्मिकच बांधायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याने ब्लेडने गुंडा कापला. दांडी खटकन खाली गेली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये झपकन निघाली. वाल्मिकला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"पट्टा अडकला होता म्हणा," पंडित म्हणाला. "मी कशाला बोलू?"

चारला शेठ आले. पुलावर एक फेरी मारून आले ते खूश होऊनच. "वाह मिस्तरी. काय होतं?"

पट्टा हा शब्द वाल्मिकच्या ओठांवर आला होता. पण ज्या पेटीला त्याने पंधरा दिवस शिव्या घातल्या, तिच्यावर आणखी एक आळ घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"पेटीत काहीच नव्हतं शेठ. माझाच नाडा अडत होता," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

शेठ म्हणाले, "मग पंधरा दिवस तू खोलत काय होतास?"



शेठने जीपवाल्या माणसाला परत पाठवलं. किल्ली पंडितच्या हातात दिली. "यापुढे काही झालं तर आधी तू बघत जा. लागलं तर मिस्तरीला बोलावू."

"बरोबर आहे," वाल्मिक म्हणाला. मग तो फडकं घेऊन सीटवरचे तेलाचे डाग पुसायला लागला.