खिशातलं वारं

स्थळ बघायला गेल्यावर माणसानं दिवाणखान्यात बसूच नये, असं रंगूबाईंचं ठाम मत होतं. दिवाणखाना काय, कुणाचाही झकास असतो. पाहुणे येणार म्हटलं की दोन दिवस आधी कोळिष्टकं निघतात, सोफ्यावर चादर येते आणि घरातला सगळ्यात कुरकुऱ्या माणूससुद्धा हसून बोलायला लागतो. बघायचं ते स्वयंपाकघर. माहेरच्या सात पोरींसाठी मुलांची घरं रंगूबाईंनी बघितली आणि सातही वेळा एकच केलं. "मला पाणी पायजे" म्हणत उठायचं आणि कुणी आणून द्यायच्या आत आपणच आत शिरायचं. घरातली बाई कशी राहते ते पाण्याच्या माठापाशी कळतं.

या खेपेला तर पोरीनंच बजावून पाठवलं होतं. प्रांजल म्हणजे रंगूबाईंच्या धाकट्या भावाची, जोतीरामची, एकुलती एक लेक. शेतकी कॉलेजात शिकलेली, तोंडानं फटकळ, आत्यावर गेलेली. पलूसचा दिग्विजय तिला बघून गेला होता. तिलाही तो बरा वाटला होता. पण मुलाचं घर बघायला मुलीनं जायची रीत नाही. म्हणून माधवनगरहून आत्या निघाली तेव्हा तिनं फोन केला.

"आत्या, बंगला-बिंगला तू बघू नगंस. त्येच्या आईला बघ. ती घरात कशी राहती तेवढं मला सांग. तू व्हय म्हणलीस तर व्हय, न्हाईतर न्हाई."

"आन् तुझा बा?"

"दादांनी कालच पिशवीत नारळ भरलाय. त्यास्नी काय इचारायचं?"

खरंच होतं ते. पुण्यात कंपनीत नोकरी करणारा जावई म्हटल्यावर जोतीरामचे पाय जमिनीला लागत नव्हते. कडेगावहून बोलेरो काढतानाच त्यानं ती नारळाची पिशवी, वर साखरेचा पुडा घालून, आधी गाडीत ठेवली होती. पसंत पडलं की तिथंच साखर वाटून मोकळं व्हायचं. पलूसच्या स्टँडवर रंगूबाई गाडीत बसल्या तेव्हा पिशवी त्यांच्याच मांडीवर आली.

दुपारी बाराचं ऊन, चैत्र महिना. बंगल्याच्या बाहेर कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मुलाचे वडील लालासाहेब बसले होते. फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. "या, या," म्हणाले आणि पाहुण्यांना आत पाठवून स्वतः परत खुर्चीत बसले. रंगूबाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. एवढा बंगला सोडून हा माणूस झाडाखाली का बसतो?

आत दिग्विजय हातात फोन घेऊन उभाच होता. "थांबा काका, अजून पाऊल टाकू नका," म्हणाला. जोतीराम एक पाय वर धरून थांबला. पोरगं टेबलावरच्या काळ्या डबीकडं तोंड करून म्हणालं, "पाहुणे आले!" आणि वरचे तिन्ही पंखे फिरायला लागले.

आता पंखा फिरला. पंख्यानं फिरायचं नाही तर काय करायचं? पण जोतीरामनं असा आ वासला, जणू देवळाचा कळसच खाली उतरून आलाय.

"आक्का, बघितलंस का? हात लावायचं काम न्हाई!"

"बघितलं," रंगूबाई म्हणाल्या. "लय मोठं काम वाचलं बाबा. हात दुखून आले असते."

दिग्विजय हसला. लहान पोराला हसतात तसा. मग त्यानं सांगायला घेतलं. सगळ्या घराचे पंखे, दिवे, फाटक, सगळं या फोनात आहे. हिंजवडीत मीटिंगमध्ये बसून तो इथला पंखा दोनवरून तीनवर करू शकतो.

"आन् हितल्या पंख्याचं वारं तुला हिंजवडीत लागतं व्हय?" रंगूबाईंनी विचारलं.

"तसं नाही आत्या. कंट्रोल."

"असं व्हय."

कंट्रोल दाखवायला म्हणून त्यानं फोनवर बोट सरकवलं आणि पंखा असा सुटला की जोतीरामनं खिशातनं काढलेली पत्रिका उडाली, सोफ्याखाली गेली, टोपीही मागोमाग गेली. जोतीराम गुडघ्यावर बसून सोफ्याखाली हात घालत होता तरी "वा, वा" म्हणतच होता. "नेट जरा स्लो आहे," म्हणत दिग्विजय फोन झटकत राहिला. रंगूबाई उठल्या, पंखा कमी करावा म्हणून भिंतीपाशी गेल्या. जिथं बटणं असायची तिथं पांढरी पट्टी होती, स्क्रूनं आवळलेली.

"बटणं कुठं गेली रं?"

"आत आहेत. मीच झाकली," दिग्विजय म्हणाला. "आईमुळं. तिला सवय आहे, शेतात जाताना घरातली सगळी बटणं बंद करून जायची. बटण बंद झालं की पंखा ऑफलाइन जातो, मला पुण्यातनं दिसतच नाही. किती वेळा सांगितलं, ऐकतच नव्हती. शेवटी सगळीकडं पट्ट्या मारल्या."

रंगूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं जी बाई घर बंद करून शेतात जाते, तिच्या हातातनं घर काढून घेतलं आणि वर सांगतोय किती मोठेपणानं! पण आल्या होत्या पाहुण्या म्हणून. "मला पाणी पायजे," एवढंच म्हणाल्या आणि आत शिरल्या.

आत दिग्विजयची आई, सुलाबाई, कांद्या-मिरचीची फोडणी परतत होत्या. पोलक्याची पाठ घामानं चिकटली होती. एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यानं वारा घेणं चाललेलं. पाहुणी दिसताच त्यांनी पुठ्ठा पिठाच्या डब्यामागं सारला. डोक्यावरचा पंखा बंद होता.

"पंखा का बंद हाय?"

"आवं ताई, पाहुणे आले म्हणलं की भाहेरचेच तीन लागत्यात. सैपाकघर त्यात घालायचं ऱ्हायलंय म्हणतो."

"मग लावा की तुमी."

"कशानं लावू?" सुलाबाईंनी कनवटीचा बटणांचा फोन काढून दाखवला. "ह्येच्यात बसत न्हाई ते. त्यो पुण्याला असला की मी फोन करते, बाबा, जरा पंखा लाव म्हणून. लावतो की, न्हाई असं न्हाई. मीटिंगमधी असला की उचलत न्हाई. मग मी मागच्या दारात बसते."

"आन् सुभेदार?"

"त्यांचं काय, ते लिंबाखाली बसत्यात. लेकाला दोन शब्द बोलवत न्हाई त्यांच्यानं. मला बोलवतं व्हय?"

रंगूबाईंनी माठातलं पाणी घेतलं खरं, पण पेला तसाच ओट्यावर ठेवला. शेजारच्या घरी मागायचं ते मीठ-साखर. आपल्याच घरात, आपल्याच डोक्यावरचं वारं, तेही पोटच्या पोराकडं मागायचं?

तेवढ्यात सुलाबाईंनी त्यांचा हात धरला. "ताई, पोरगी द्या आमच्यात. सून आली की तिच्या फोनात घालून देणार हाय म्हणलाय. शिकलेली हाय, तिला येईल. मग मला पुण्याला फोन कराय नको. नुसती हाक मारली की वारं येईल."

अशा कारणासाठी पोरगी कुणी आजवर मागितली नव्हती. रंगूबाईंचं मन तिथंच हललं. त्यांना वाटलं, असल्या घरात आपली प्रांजलच पाहिजे. पहिल्या दिवशी त्या पट्ट्या उपटून काढील आणि नवऱ्याच्या हातात ठेवील. पोरगं काय वाईट नाही, येडं हाय. येडं सुधारतं. द्यावी पोरगी.

त्या बाहेर आल्या. "सैपाकघरातला पंखा लाव रं."

"अरे हो, राहिलंच," म्हणत दिग्विजयनं अंगठा टेकवला. आत पंखा फिरला. एका अंगठ्याचं काम होतं.

पोहे झाले, चहा झाला. सुलाबाई पदरानं तोंड पुसत दारात उभ्या होत्या आणि शाळेतलं पोर निकालाकडं बघतं तशा रंगूबाईंकडं बघत होत्या. जोतीरामनं कोपर मारलं. "आक्का, फोडू का नारळ?"

"फाटक तेवढं बघून या," दिग्विजय मध्येच म्हणाला. "तेही फोनवर उघडतं." झालं. जोतीराम ताडकन उठला. पाहुणे बाहेर आले, पायात चपला अडकवल्या. रंगूबाईंच्या तोंडात 'व्हय' आलंच होतं. पायरी उतरता उतरता दिग्विजय फोनला म्हणाला, "पाहुणे गेले!"

आतले पंखे बंद झाले. तिन्हीही आणि स्वयंपाकघरातलाही. बंद करण्यात ते घालायचं बरं राहिलं नव्हतं. रंगूबाईंनी खिडकीतनं मागं बघितलं. सुलाबाई बशा गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली, मंद होत चाललेल्या पंख्याकडं बघितलं. पदर तोंडावरनं फिरवला आणि पुढची बशी उचलली.

"आरं, आत माणूस हाय की!" रंगूबाई ओरडल्या.

दिग्विजयनं वळून बघितलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "कोण?" तो म्हणाला.

मग खिडकीकडं बघून म्हणाला, "आई होय!"

लिंबाखाली सुभेदारांनी मान खाली घातली. जोतीराम आ वासलेल्या तोंडानं एकदा पोराकडं, एकदा खिडकीकडं बघत राहिला. जोतीरामच्या स्वतःच्या आईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

"आक्का..." तो म्हणाला.

"नारळ ऱ्हाऊ दे पिशवीत," रंगूबाई म्हणाल्या. "गाडीतला स्क्रू-ड्रायव्हर काढ."

जोतीराम शेतातली मोटर स्वतः खोलणारा माणूस. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि पट्टीचे दोन स्क्रू काढले. "काका, अहो सिस्टीम बिघडेल!" दिग्विजय मागं मागं नाचत होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. पट्टी निघाली. सुलाबाईंनी बोट पुढं केलं, मागं घेतलं, मग बटण एकदा वर केलं, एकदा खाली. पंखा फिरला. त्या तिथंच फरशीवर बसल्या.

"मग पोरगी?" त्यांनी हळूच विचारलं.

रंगूबाईंनी न फोडलेल्या नारळाची पिशवी काखेला लावली. सुलाबाईंना ते कळलं. त्यांनी फरशीवरचे दोन्ही स्क्रू उचलले आणि रंगूबाईंच्या मुठीत घातले. "ह्ये तुमी न्या ताई. हितं ठेवले तर परत बसवील."

गाडी स्टँडजवळ आली आणि प्रांजलचा फोन आला. "आत्या, व्हय का न्हाई?"

"न्हाई."

"बंगला चांगला न्हाई?"

"बंगला झकास हाय. पोरगंबी हसतमुख हाय."

"मग त्येची आई कशी राहती?"

रंगूबाईंनी मुठीतले स्क्रू घट्ट दाबले. "लेकाकडनं वारं मागून घेती, बाय," त्या म्हणाल्या.