भोंग्यातून गेलेले गाऱ्हाणे

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. पेडण्याकडच्या एका देवळाच्या पडवीत गंजत पडलो आहे. तोंड केव्हाच बंद झाले, पण आतली चुळबुळ काही थांबत नाही.

गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षे झाली असतील, तेव्हा गाववाल्यांनी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणले. बसच्या टपावर काथ्याने आवळून! माडावर चढवले तेव्हा मात्र मी फुगून गेलो. शेवंतीआजी शेतात वाकल्या वाकल्या माझ्यातली आरती ऐकायची. तिने मला 'देवाचो गळो' म्हटले आणि मला ते खरे वाटले. तिथेच माझे चुकले.

आमच्याकडे जत्रेला देवापुढे गाऱ्हाणे घालतात. जयरामकाका गावाच्या वतीने एकेक मागणे मागायचा आणि प्रत्येक मागण्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. लहानपणापासूनची सवय ती. मागणे पुरते कानात शिरायच्या आधीच 'व्हय' बाहेर पडे.

एका वर्षी जत्रेच्या तोंडावरच पंचायतीची निवडणूक आली. बालवाडीची सत्यवतीबाई उभी राहिली, ती ओहोळावरच्या एका साकवासाठी, पायी ओलांडायच्या छोट्या पुलासाठी. पावसात आया पोरांना खांद्यावर घेऊन ओहोळ ओलांडत. तिला त्याचा घोर लागलेला. समोर होता गोकुळदास, देवळाच्या समितीचा मुख्य. गाऱ्हाण्याआधी तो जयरामकाकाच्या कानाला लागला. काका त्याच्यापुढे मान वर करणारा नव्हता.

"पीकपाणी बरां दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोराबाळांक सांबाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गोकुळदासाक निवडून हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अख्खा गाव म्हणाला. माइकजवळ उभी असलेली सत्यवतीसुद्धा म्हणाली. तिचा आवाज माझ्यातून गावभर गेला, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. मला तो आवाज परत गिळता आला नाही.

मते मोजली त्या दिवशी संध्याकाळी ती देवळाच्या पायरीवर काकाजवळ येऊन बसली.

"एका मतान पडलंय, काका."

"कोणाचा गो ता एक मत?"

"माजाच. गोकुळदासाक दिलंय. देवाक व्हय म्हटलेला मा. शब्द कसो मोडूचो?"

काकाने माडावरच्या माझ्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "ता मागणा गावाचा न्हय, बाये. माका गोकुळदासान सांगलेला."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने माझी तार सोडवली. पुढे गाऱ्हाणे तो भोंग्याशिवायच घालू लागला आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबून लोकांच्या तोंडाकडे बघू लागला. मला खाली उतरवले, ते बरेच झाले.

मित्रांनो, माझा गंज काढा, तार जोडा, मी पुन्हा बोलेन. पण माझ्यातून देवाचे नाव आले म्हणून लगेच 'व्हय' म्हणू नका. आधी पुरते ऐका. मी देवाचा गळा कधीच नव्हतो. ज्याच्या हातात माइक, त्याचा होतो.

साकव अजून झालेला नाही. पाऊस लागला की ओहोळातून पोराला खांद्यावर घेऊन येणाऱ्या आयांच्या हाका मला इथे पडवीत ऐकू येतात.