मंगळवार रोम, गुरुवार फ्लोरेन्स

ज्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने मोतीबिंदू काढून घेतला आणि कितीतरी वर्षांनी मला नीट बघून "अरे, तू तर पार म्हातारा झालास" म्हणाली, त्याच वर्षी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. ठरलं तेही चष्म्याच्या दुकानातच. ताईला चष्मा लागला म्हणून मुलगा तिला तिथे घेऊन गेला होता. काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी एक मुलगी तिथे कामाला होती. ताईच्या नाकावर चष्मा काही केल्या सरळ बसेना, म्हणून तिने तो सात वेळा काढला आणि घातला. सातव्या वेळी ताईने विचारलं, "लग्न झालंय का गं तुझं?"

"नाही."

"हा माझा भाचा. याची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. बाकी मुलगा सोन्यासारखा आहे."

ताईचं बोलणं असंच. वाईट काय ते आधी सांगून मोकळं व्हायचं, मग घासाघीस करायला जागा राहत नाही. मुलगा लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. पण तयार चष्मा आणायला तो एकटाच गेला, आणि तिथून अडीच तासांनी परत आला.

त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी अडतीस वर्षं रस्त्यांवर डांबर टाकायचं काम केलं. वाचता येत नव्हतं, आणि डांबराला वाचता यावं लागत नाही. मुलगा झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचा. तिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सांगितलं. माझं एक मूत्रपिंड द्यावं म्हणून मी गेलो. डॉक्टरांनी मला दोन दिवस तपासलं आणि फाटकी नोट परत करावी तसं परत केलं. माझंच अर्धं निकामी होतं.

आमच्या हॉस्पिटलात मशीनच्या नऊ खुर्च्या होत्या. चार नंबरची खुर्ची मुलाची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. डावा हात सुयांना अडकलेला, उजवा मोकळा. मी शेजारी स्टुलावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. एक दिवस तो म्हणाला, "बाबा, तुम्ही असे बघता की मला वाटतं मी मेलोय आणि लोक दर्शनाला आलेत. काहीतरी काम करा." दुसऱ्या खेपेला त्याने वही आणली. मोकळ्या हाताने तो अक्षर काढायचा, मी खाली गिरवायचो. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. पलीकडच्या खुर्चीवरचे मास्तर म्हणायचे, "पोरगा बापाला शाळेत घालतोय, कलियुग ते हेच." दीड वर्षात मी पाट्या वाचायला लागलो. ज्या रस्त्यांवर मी डांबर टाकलं होतं त्यांची नावं मला तेव्हा कळली.

लग्न साधंच झालं. सून घरी आली ती आपल्या दुकानातला इटलीचा एक मोठा नकाशा घेऊन. तिच्याकडे येणाऱ्या भारी फ्रेम इटलीतून यायच्या, काडीच्या आतल्या बाजूला तसं लिहिलेलं असायचं. "बाबा, दिवसभर मी लोकांच्या नाकावर इटली बसवते," ती म्हणाली, "एकदा तिथे जाऊन बघायला नको का?" हनिमूनसाठी तिने लग्नाच्या आधीपासून पैसे साठवले होते. पैशाने काही अडलं नाही.

नकाशा स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला लागला. रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेनिस. चारही गावं आगगाडीने जोडलेली. इतर लोक अशा प्रवासात काय काय बघायचं ते ठरवतात. आमच्याकडे आधी मशीन कुठे मिळेल ते बघायचं होतं. मंगळवारी सकाळी मशीन म्हणजे मंगळवारी रोममध्येच असायला हवं. बुधवारी गाडी. गुरुवारी फ्लोरेन्सला मशीन. शुक्रवारी बोलोन्या, शनिवारी तिथे मशीन. व्हेनिसने कळवलं की आमच्याकडे जागा नाही. मुलाने मार्ग काढला. शनिवारचं मशीन झालं की मंगळवारपर्यंत तसाही खाडा असतो. शनिवारी संध्याकाळी बोलोन्याहून गाडी धरायची, दीड तासात व्हेनिस. रविवार, सोमवार तिथे, आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीने परत बोलोन्याच्या मशीनवर.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हा दिवसाला तीन पेले पाणी मोजून पितो, आणि हनिमूनला पाण्यावरच्या गावी चाललाय. उपाशी माणसाने लग्नात वाढप्याचं काम घ्यावं तशातली गत."

"आत्या, वाढप्यालाही शेवटी पान मिळतंच की," मुलगा म्हणाला.

"मिळतं ना. सगळं गार झाल्यावर."

सुनेने प्रत्येक दवाखान्याला पत्रं पाठवली. त्यांना रक्ताचे रिपोर्ट हवे होते, महिन्याच्या आतले. रोमचं उत्तर यायला तीन आठवडे, तोवर फ्लोरेन्सला पाठवलेले रिपोर्ट शिळे. पुन्हा रक्त. बोलोन्याने होकार दिला तर रोमने तारीख बदलली. पुन्हा रक्त. "माझ्याआधी माझं रक्तच इटली फिरून येणार," मुलगा म्हणाला. असं आठ महिने चाललं. शेवटी मे महिन्यात सगळं जुळलं. तेरा मे, मंगळवार, रोम.

मग सुनेने चालायचा सराव काढला. मुलाला चारशे पावलांच्या पुढे दम लागायचा, म्हणून तिने स्टेशनापासून चारशे पावलांतली हॉटेलं शोधली होती. रोज संध्याकाळी ती चाकांची बॅग घेऊन त्याच्याबरोबर गल्लीत उतरायची. घरापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत तीनशे नव्वद पावलं. ती मोजायची, तो बॅग ओढायचा. खालचा इस्त्रीवाला म्हणायचा, "काय राव, रोज निघता आणि रोज परत येता. गाडी चुकते का?" मुलगा म्हणायचा, "गाडी वेळेवर असते. आम्हीच लवकर येतो."

एका संध्याकाळी मी मागून येत होतो. त्यांना ते माहीत नव्हतं. दुकानाच्या बऱ्याच अलीकडे मुलगा भिंतीला टेकला. ओठ निळसर झाले होते. सून मोजायची थांबली आणि तिने त्याच्या हातातली बॅग आपल्याकडे घेतली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "किती झाली?" ती म्हणाली, "चारशे." झाली होती दोनशे साठ. मीही मोजत होतो.

एप्रिलच्या सुरुवातीला मोठ्या सिस्टरनी मला एक कागद दिला. हॉस्पिटलचे कागद न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे होतं, वाचता यायला लागल्यापासून मीच ते मागून घेतलं होतं. "काका, घरी द्या. आठ दिवसांत उत्तर हवं," त्या म्हणाल्या. मी जिन्यात थांबून कागद वाचला. लिहिलं होतं की पेशंट पंधरा दिवस बाहेर जाणार असेल तर तसं लिहून द्यावं. मग डॉक्टर बाहेरच्या दवाखान्यांना प्रवासाचा दाखला पाठवतील. त्या काळात खुर्ची यादीतल्या दुसऱ्या पेशंटला दिली जाईल. परत आल्यावर तीच खुर्ची लगेच मिळेल याची हमी नाही.

खुर्ची मिळायच्या आधी माझ्या मुलाने साडेचार महिने यादीत काढले होते. तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात आठवड्याला कसंबसं एकदा मशीन मिळायचं. तो भोपळ्यासारखा सुजला होता. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून तो खुर्चीत बसून झोपायचा आणि मी त्याची मान सावरत बाजूला बसायचो. मग एक दिवस फोन आला, चार नंबर रिकामी झालीय, या. ती कशी रिकामी झाली ते मी विचारलं नाही. नऊ खुर्च्या कशा रिकाम्या होतात ते तिथे सगळ्यांना माहीत असतं. यादीत तेव्हा तेवीस नावं होती.

तो कागद मी घरी दिलाच नाही. सहा दिवस शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं मी स्वतःला समजावत होतो. सातव्या दिवशी, मुलगा मशीनवर झोपलेला असताना, मी वहीचं पान फाडलं आणि मोठ्या सिस्टरांच्या नावाने पत्र लिहिलं. "आम्ही बाहेरगावी जाणार नाही. चार नंबरची खुर्ची आमच्याकडेच ठेवावी ही विनंती." खाली मुलाचं नाव लिहिलं. मी आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं पत्र. सिस्टरनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत काका. मलाही धास्तीच होती." मला बरं वाटलं. हे खोटं का सांगू, खरंच बरं वाटलं.

डॉक्टरांचा दाखला गेला नाही. रोमहून विचारणा आली, मग दुसरी आली, आणि मग त्यांनी ती तारीख दुसऱ्या कुणाला दिली. ती गेल्यावर पुढची गावं आपोआपच गेली. सून कामावरून रजा घेऊन हॉस्पिटलात जायला निघाली. मुलगा म्हणाला, "तू थांब. उद्या गुरुवारच आहे, मी विचारतो."

गुरुवारी त्याला सुया लावल्यावर त्याने सिस्टरना विचारलं. त्यांनी फाईल उघडून तो कागद त्याच्या हातात दिला. मी स्टुलावर होतो. त्याने तो वाचला, घडी घातली, परत दिला. मग म्हणाला, "अक्षर सुधारलंय तुमचं."

मी म्हणालो, "मी आजच तिला सांगतो."

"नाही सांगायचं."

"अरे, पण तिचा—"

"ऐका बाबा. ती रागावणार, आणि तिने रागवायलाच हवं. कुणावर रागवायचं तेवढं आपण ठरवू. मी आज ना उद्या जाणारा माणूस आहे. माझ्यामागे घरात तुम्ही दोघं राहणार. तिने तुमच्यावर दात धरला तर तुम्हाला कोण बघणार? आणि तिला कोण बघणार?"

"तुला खरंच जायचं होतं ना रे?"

"आता ते विचारून काय करायचं?" तो म्हणाला, आणि डोळे मिटले. झोपला नव्हता. चेहरा बघून मला कळत होतं.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात सुनेला म्हणाला, "पत्र मीच लिहून दिलं. मला भीती वाटली. खुर्ची गेली तर काय करायचं?" मी बाहेरच्या खोलीत होतो. मध्ये नुसता पडदा होता.

सून म्हणाली, "आठ महिने मी झक मारत होते का?"

"नाही गं."

"तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी तुझ्यापुढे रोज पावलं मोजत होते. तेव्हा भीती नव्हती वाटत?"

"वाटत होती."

"मग मला हसत होतास?"

मला उठून आत जायचं होतं. पडदा चार पावलांवर होता. मी बसून राहिलो. डांबराचं काम करताना शिकवतात की गरम डांबरावर पाय पडला तर जोडा तिथेच सोडून उडी मारायची, विचार करत उभं राहायचं नाही. मी विचार करत राहिलो.

सून अठरा दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. औषधं हातावर ठेवायची, पाण्याचा पेला मोजून द्यायची. माझ्याशी मात्र आधीपेक्षा गोड वागायची. "बाबा, तुम्ही जेवून घ्या, त्याचं काही सांगू नका मला." तिने वाढलेलं ताट मी अर्धंच सोडायचो, आणि तिला वाटायचं की मी मुलाच्या वागण्याने खचलोय. ताई आली तेव्हा तीही मुलालाच बोलली. "भित्र्या, बायकोला बाहेर न्यायची हिंमत नव्हती तर गावभर बॅग कशाला ओढत होतास?" मुलगा म्हणाला, "व्यायाम होत होता, आत्या." तेरा मेच्या मंगळवारी आम्ही दोघं हॉस्पिटलात होतो. वही आणली होती, पण त्या दिवशी मला काही लिहिता आलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी सुनेचा उरलासुरला रागही ओसरला. तिने ओट्यावरचा नकाशा पुसला आणि पुढच्या वर्षाच्या गाड्या बघायला बसली. फ्लोरेन्स ते बोलोन्या पस्तीस मिनिटं, बहुतेक सगळा बोगदाच, असं तिने वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "छान. तेवढ्यात माझी झोप होईल." पुन्हा पत्रं गेली, पुन्हा रक्त गेलं. तो प्रत्येक कागदावर सही करत होता. पण तो तोवर जिन्याची एक पायरी चढला की थांबायला लागला होता, आणि चालायच्या सरावाचं नाव कुणीच काढत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की हृदय थकलंय, शनिवार ते मंगळवारचा खाडा त्याला जड जातोय. जास्तीची एक खेप मिळेल का असं मी मोठ्या सिस्टरना विचारलं. त्यांनी यादी दाखवली. एकतीस नावं होती.

मी सुनेला आजवर काही सांगितलेलं नाही. ती माझ्याजवळच राहते. कामावरून येताना माझी औषधं आणते, आणि कधी कधी, भाजी निवडता निवडता, म्हणते, "त्याने थोडी हिंमत केली असती तर एकदा तरी जाऊन आलो असतो, नाही का बाबा?" मी म्हणतो, "हो."

चार नंबरची खुर्ची दुसऱ्याच दिवशी एका शाळेतल्या शिपायाला मिळाली. माझा मुलगा फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, घरी, पायात मोजे घालत असताना गेला. त्याला चौतिसावं चालू होतं.