आळीत मयत हाय

परेश घरतने आयुष्यात दोन मोठी कामं केली. पहिलं म्हणजे टीव्ही सीरियलवाल्यांची सालटी काढणारी 'रडक्यांचा कारखाना' ही कादंबरी लिहिली. दुसरं म्हणजे ती गाजल्यावर त्याच सीरियलवाल्यांकडे कामाला लागला. लोक हसले. हसणारच!

पण लोकांना काय माहीत? हा माणूस कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं लिहायचा. गावी, पनवेलजवळच्या नेऱ्याला, घरतांच्या शेताला लागून कुणा शेठचं फार्महाऊस झालं, तिथे शूटिंगं सुरू झाली, आणि सुट्टीच्या दिवशी परेश कुंपणाला टेकून बघत बसायचा. हिरोची आई हिरोपेक्षा लहान. तिरडीवरची बाई मध्येच उठून चहा मागतेय. घरी येऊन तो हे आयेला सांगायचा, आणि मालू, म्हणजे त्याची आये, पोट धरून हसायची. "मेलेली बाय चहा पेली? काय पन सांगतो!" त्या हसण्यातून ती कादंबरी झाली. पुस्तक वाचून एका निर्मात्याचा फोन आला, "आमची एवढी छान खेचलीत, आता आमच्यासाठीच लिहा." परेशला वाटलं, आत शिरून आणखी खेचू. आत शिरला आणि रोजचा एक भाग लिहिता लिहिता केस पांढरे झाले. जे जे त्याने कादंबरीत थट्टा म्हणून लिहिलं होतं, ते ते मीटिंगमध्ये कुणीतरी गंभीर चेहऱ्याने मांडायचं, आणि ते परेशलाच लिहून द्यावं लागायचं. सांगणार कुणाला?

त्याच्या सध्याच्या सीरियलचं नाव 'उंबरा मनस्वीचा'. रोज संध्याकाळी सातला. मनस्वी म्हणजे त्यातली सोशीक सून, सगळ्यांचं ऐकून घेणारी. परेशला ती मुलगी डोक्यात जायची. पण तिच्यावर त्याच्या घरातला एक जीव टिकून होता.

मालूला सगळं विसरायला झालं होतं. आधी चाव्या विसरली, मग वार, मग माणसं. थोरल्या हरेशला ती आपला सासरा समजायची आणि त्याला बघून डोक्यावर पदर घ्यायची. परेशला चष्मा, म्हणून तो मास्तर. "मास्तर आलेत, पाट द्या." आधी परेश म्हणायचा, आये, मी परेश. नंतर त्याने तेही सोडून दिलं. हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण ती जेवायचीही विसरली. घास तोंडात धरून बसायची, नाहीतर थुंकून टाकायची. पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली की ती ओढणार, म्हणजे हात बांधावे लागणार. आयेचे हात बांधायचे!

आणि एका संध्याकाळी तिला सांभाळणाऱ्या सोमीने टीव्ही लावला. मनस्वी पडद्यावर आली. मालू हसली. "आली गं माजी बाय!" सोमीने तेवढ्यात घास पुढे केला, तो गेला. दुसरा गेला. मनस्वी बिचारी सासूची बोलणी खात होती आणि मालू तिला सांगत होती, "तूपन जेव, बाय. त्या रांडंला बोलू दे." ताट रिकामं झालं. तेव्हापासून रोज सातला मनस्वी यायची आणि मालू जेवायची. दिवसातलं तेवढं एकच जेवण धड व्हायचं, पण नळी टळली होती.

मग चॅनलने ठरवलं, मनस्वीला मारायचं. नटीला सिनेमा मिळाला होता. मरण लिहायचं परेशनेच. त्याने लिहिलंही. एक्सप्रेसवेवर ट्रक, मग हॉस्पिटल, मग पांढरी चादर. पण घरची काळजी त्याला फार नव्हती, कारण त्याने तोड काढली होती. हरेशच्या मोठ्या टीव्हीवर जुने भाग लावायचे, रोज सातच्या ठोक्याला. त्याने लावूनही बघितले. आयेला नवं काय नि जुनं काय! तीच हसली, तशीच जेवली. परेशचा जीव भांड्यात पडला. जगासाठी मनस्वी मेली तरी मालूसाठी ती मरणारच नव्हती.

एवढ्यावर गप्प बसला असता तर? पण गप्प बसेल तो परेश कसला! पोटात काही राहतच नाही या माणसाच्या. मीटिंगमध्ये चहा आला, सगळे कंटाळले होते, आणि याने रंगवून सांगितलं, आये काय म्हणते, सासूला कशा शिव्या देते, मला मास्तर म्हणते. सगळे खो-खो हसले. दिग्दर्शक शैलेश तेवढा हसला नाही.

"सर, याचा प्रोमो शूट करू या," तो म्हणाला. "आजी जेवतायत आणि समोर मनस्वी. बस, एवढंच. गोड होईल."

"फक्त जेवताना?"

"फक्त जेवताना, सर. आईची शप्पथ."

करार संपत आला होता, नवा व्हायचा होता. परेश हो म्हणाला.

हरेशला तर आकाश ठेंगणं झालं. "आयेला टीव्हीवर दाखवनार? आन बोलवून सगल्यांना!" त्याने अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, आळीतल्या बायका नटूनथटून आल्या. सोमीने कानात नवीन झुमके घातले. मालूला कुणीतरी हिरवी साडी नेसवली. एवढी माणसं बघून ती खूश झाली आणि प्रत्येकाला विचारत सुटली, "जेवलास का?"

लाईट लागले, ताट आलं, टीव्ही सुरू झाला. पण टीव्हीवर हसरी मनस्वी नव्हतीच. हॉस्पिटल होतं. पांढरी चादर होती. शैलेशने पेन ड्राईव्हवर मरणाचा भाग आणला होता.

परेश धावत त्याच्यापाशी गेला. "हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

"सर, तुमच्याच पुस्तकातलं आहे. आजारी आजोबांच्या घरी युनिट जातं आणि खोटी मयत दाखवून त्यांना रडवतं, ते प्रकरण. मला तर पाठ आहे."

"अरे, तो विनोद होता!"

"म्हणून तर लक्षात राहिला."

तोवर मालूचा घास हातातच थांबला होता. ती पडद्याकडे बघत होती आणि तिला नीट कळत नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. इतक्या माणसांत तिला भरवशाचा एकच माणूस दिसला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी शिकलेलं. खरा सांगा. माजी बाय गेली?"

कॅमेरा चालू होता. शैलेशने हाताने खूण केली, मान हलवा. मागे सगळी आळी श्वास रोखून बसली होती. हरेश डोळे वटारून बघत होता, म्हणजे आता घाण करू नकोस. परेशला ओरडायचं होतं. खरंच ओरडायचं होतं हो! पण मान आपोआप हलली.

मालूने ताट बाजूला सारलं. पदर तोंडाला लावला आणि हेल काढला, जुन्या बायका काढायच्या तसा, एकेक गोष्ट सांगत. "माजे बाय, दारात रांगोली कोन काढंल गं... तुला कोनी जेव म्हनलं नाय गं..." मध्येच थांबून सोमीला म्हणाली, "चूल इजव. आलीत मयत हाय. उचललं नाय तवर कोनी जेवाचं नाय." आळीतल्या बायकांच्या डोळ्यांना धार लागली. साउंडवाल्याने नाक पुसलं.

आणि डोक्यावरून विमान गेलं. नवा विमानतळ झाल्यापासून ही रोजचीच कटकट. साउंडवाला म्हणाला, आवाज खराब झाला.

"वन मोर," शैलेश म्हणाला.

चहा फिरला. चहा होईपर्यंत मालू सगळं विसरली होती. डोळे ओले कशाने, हे तिलाच कळेना. ती लाईटवाल्याला विचारत होती, "जेवलास का?" पुन्हा टीव्ही लागला. पुन्हा चादर. पुन्हा तिने मास्तरांकडे बघितलं, पुन्हा मास्तरांनी मान हलवली. आणि ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मोडून पडली. पहिल्यांदाच ऐकत होती ती! शैलेश हळूच म्हणाला, "काय आर्टिस्ट आहे. एकदाही रिपीट वाटत नाही."

तिसऱ्यांदा क्लोजअप हवा होता. या वेळी शैलेशला नुसती मान नको होती, शब्द हवे होते. "सर, तुमचा फक्त आवाज येईल."

"मी चित्रात नको," परेश म्हणाला. एवढंच त्याला मागता आलं.

"नाही येणार. आजी एकट्याच दिसतील."

"आये," परेश तिच्या शेजारी उभा राहून म्हणाला, "मनस्वी गेली."

युनिट गेलं, मांडव उतरला. संध्याकाळी सातला परेशने स्वतः टीव्हीवर जुना भाग लावला. तोच, ज्यात मनस्वी पुरणपोळ्या लाटते आणि खूप हसते. सोमीने मऊ भात कालवला. मनस्वी पडद्यावर आली आणि मालूच्या अंगाला कापरं भरलं. काय झालंय ते तिला सांगता येईना. शब्द विसरली होती, पण जे लागलं होतं ते काही विसरली नव्हती. तिने सोमीचा हात दूर केला.

"आलीत मयत हाय," ती म्हणाली.

"नाय आजी, ती बघा, हसते," सोमी म्हणाली.

"उचललं का?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. परेशने वेगळी सीरियल लावली, कीर्तन लावलं, स्वतः भरवायला बसला. "मास्तर, तुमीपन नका जेवू," मालूने त्यालाच बजावलं. डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, सोमवारी घेऊन या, नळी घालू.

प्रोमो मात्र धो-धो चालला. शैलेशचा फोन आला, चॅनल खूश आहे सर, तुमचा करार नक्की. रविवारी दुपारी हरेशने बातम्यांसाठी टीव्ही लावला आणि मध्ये जाहिराती लागल्या. हिरव्या साडीतली एक म्हातारी पडद्यावर पदर तोंडाला लावून रडायला लागली. हरेश घाईघाईने रिमोट शोधू लागला.

"ऱ्हाव दे," मालू म्हणाली. ती पुढे सरकून बघत होती. "कोन हाय ही? केवडी रडते बिचारी."

परेश ताट घेऊन बाजूलाच बसला होता.

"हिला कोन नाय का, मास्तर? पोरबाल?"

"हाय," परेश म्हणाला. "एक पोरगा हाय. तिथंच हाय, बाजूला."

मालूने नीट पाहिलं. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं.

"कुठं?" तिने विचारलं. "मना तं कोन दिसत नाय."