ओवाळायला सवाष्ण हवी

रविवारची सकाळ होती. शांती नगरातल्या आपल्या घरात सुगंधा कोळंबी सोलत बसली होती. तिची मुलगी रुचिता टेबलावर लॅपटॉप उघडून पीएचडीचं लिहीत होती. भारताविषयी भारतात काय संशोधन होतं आणि परदेशात काय होतं, याची तुलना हा तिचा विषय.

"एवढा काय फरक असतो गं?" सुगंधाने विचारलं.

"आपले लोक शेती, बँका, सरकारी योजना यांवर लिहितात. बाहेरच्यांचं बघ, हुंडा, जात, विधवा! तेच तेच उगाळतायत. आपल्यात आता कुठे राहिलंय असलं काही?"

सुगंधा कोळंबी सोलत राहिली.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये रुचिताचा साखरपुडा होता. होणारी सासू शुभदा पाहुण्यांना कौतुकाने सांगत होती, "आमची सून फॉरेनवाल्यांना दाखवून देणार आहे, आपला देश काय आहे ते!"

नवरा मुलगा साईराज पाटावर बसला. सुगंधाने त्याला ओवाळायला तबक उचललं, तशी शुभदा हलकेच पुढे झाली.

"विहीणबाई, तुम्ही राहू द्या. ओवाळायला सवाष्ण लागते. तुमच्या जाऊबाई ओवाळतील."

"हो हो, माझ्या लक्षातच नाही आलं," म्हणत सुगंधाने तबक खाली ठेवलं आणि ती मागच्या खुर्च्यांकडे निघाली. इतक्या सवयीने निघाली, की रुचिता जागची उठली. बाबा गेल्यापासून संक्रांतीला आई दार लावून घरातच का बसते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"आई, थांब. साईराज, तुला कुणी ओवाळायचं, तू सांग."

"आज कशाला विषय काढतेस? नंतर बोलू ना," साईराज खाली बघत म्हणाला.

"अगं, लोक काय म्हणतील?" शुभदा म्हणाली. "आणि आपल्यात असलं काही उरलं नाही, असं तूच म्हणतेस ना?"

रुचिताचे कान तापले. "म्हणत होते. चुकीचं म्हणत होते. परक्यांना दिसलं ते मला माझ्या घरात दिसलं नाही. आता मीच लिहिणार."

"म्हणजे घरातलं जगासमोर मांडणार?" शुभदाने विचारलं.

"मांडणार. आणि आज आईच ओवाळेल. नाहीतर साखरपुडा नाही."

"नको गं बाय, मोडेल सगळं," सुगंधा कळवळली.

"मोडू दे."

शुभदाने सुगंधाच्या जाऊबाईंकडे, आशाकाकींकडे पाहिलं. आशाकाकींनी हात मागे घेतले. "मी नाय ओवाळणार. तिची आई हाय की उभी."

शुभदा दाराकडे वळली, तसा साईराज पाटावरून उठला. एकदा रुचिताकडे बघितलं आणि आपल्या आईच्या मागोमाग निघून गेला. त्यांचे पाहुणेही उठले.

रुचिता त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसली. "आई, मला ओवाळ."

सुगंधाने तबक पुन्हा उचललं, मुलीला कुंकू लावलं, ओवाळलं. मग रुचिताने तेच कुंकू आईच्या कपाळाला लावलं.

शेवटच्या रांगेत सोसायटीतल्याच आणखी दोघी कोऱ्या कपाळाने बसल्या होत्या. दरवेळी तिथेच बसायच्या.

"काकू, तिथे का? पुढे या ना!" रुचिताने हाक मारली.

एक उठली. दुसरी आधी आजूबाजूच्या माणसांची तोंडं बघू लागली.