पुसलेला कोड

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन. बॅटरी फुगल्यामुळे माझी पाठ वर उचलली गेली आहे. ती निखळून पडू नये म्हणून माझ्या मालकांच्या पत्नी हव्वाबींनी मला भाजीच्या जुडीचं रबर गुंडाळून ठेवलं आहे. तरीही मी अजून सुरू होतो. आणि सुरू झालो की एकच दिवस आठवतो.

मी चीनमधल्या एका कारखान्यात तयार झालो. पनवेलला आलो २०१३ साली, शाहीदच्या बॅगेतून. शाहीद कुवेतला नोकरीला होता. त्याने मला आपल्या वडिलांसाठी, वहाबचाचांसाठी आणलं होतं. माझ्यासोबत काडेपेटीएवढा एक प्लगही होता.

चाचांनी स्वतः अठरा वर्षं तिकडच्या गॅरेजात काढली होती. घरी परतल्यावर त्यांना दिवस खायला उठायचा. मी आणि त्या प्लगने त्यांना पुन्हा कामाला लावलं. प्लग स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसवायचा, चावी फिरवायची, की गाडीला काय दुखतंय ते माझ्या काचेवर उमटायचं. एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे. त्याला कोड म्हणायचे. कोडचा अर्थ चाचा लावत. ओवे गावापासून सुकापूरपर्यंतचे लोक गाड्या घेऊन येऊ लागले. “चाचांचा फोन खोटं बोलत नाही,” असं म्हणत ते चहा पीत बसायचे. तेव्हा मी चाचांच्या सदऱ्याच्या खिशात, अगदी छातीला लागून असायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढच्या वर्षी चाचांनी आपली निळी गाडी विकायला काढली. ओव्याचा दिनानाथ ती घेणार होता. तो येण्याच्या आदल्या दिवशी गाडीतला धोक्याचा पिवळा दिवा लागला. चाचांनी प्लग लावला. मी कोड दाखवला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या वायरीत दोष होता. चाचांनी वायर बदलली नाही, नुसती जरा हलवली आणि पंखा फिरू लागला.

“झालं! माझ्या गाडीत खोट निघेल कशी?” ते स्वतःशीच म्हणाले. साऱ्या गावाला त्यांनी हेच सांगितलं होतं ना! मग त्यांनी माझ्या काचेवर बोट ठेवलं आणि कोड पुसून टाकला. दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ आला. गाडीभोवती फिरला, एक चक्कर मारून आला आणि हसत म्हणाला, “चाचा, तो तुमचा फोन लावून बघा ना. काय खोट हाय काय?”

चाचांचा हात थबकला. मला वाटलं, आता ते सांगतील. पण त्यांनी मला मुकाट्याने जोडलं. मी गाडीला विचारलं, जे मिळालं ते दाखवलं. एकही कोड नाही.

“मंग झालं तर!” दिनानाथ म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

मित्रांनो, त्या दिवसापासून चाचांच्या छातीची धडधड मला वेगळी ऐकू येऊ लागली. ते मला काढायचे, दिनानाथचा नंबर समोर आणायचे आणि परत खिशात ठेवायचे. “जेवणात लक्ष नाही तुमचं,” हव्वाबी म्हणायच्या.

नवव्या दिवशी सकाळी माझ्यावर एक फोटो आला. निळ्या गाडीला झेंडूचा हार होता. आत दिनानाथ, त्याची बायको रंभा, म्हातारी आई आणि दोन मुलं. खाली लिहिलं होतं, ‘चाललो तळेगावला बारशाला. जुन्या रस्त्यानं घाट चढवतो तुमची गाडी.’

चाचा ताडकन उठले. “या अल्लाह! घाटात गाड्यांची रांग लागली तर?” गाडी पळत असते तोवर वारा इंजिनाला सांभाळतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर असते.

त्यांनी फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. माझी बॅटरी चौदा टक्के होती. नऊ झाली. पाच झाली. प्रत्येक रिंग मला जड जात होती. अकराव्या खेपेला रंभाचा आवाज आला.

“हॅलो, कोन?”

“मी वहाब. गाडी कुठे आहे?”

“खोपोलीच्या फुडं. लय वेल झाला, रांग हलतच नाय. हे म्हनतात, गरमीचा काटा वर गेलाय.”

“इंजिन बंद करा! आत्ता! पोरांना, आजींना खाली उतरवा. बॉनेटमधल्या कुठल्याच झाकणाला हात लावू नका. पंखा बंद आहे. मला माहीत होतं, बेटी. मी सांगितलं नाही.”

पलीकडे इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं आणि पाठोपाठ मीही बंद पडलो.

चाचांच्या मुलीने, नशराने, शेजारची गाडी मागून आणली. वाटेत तिने मला चार्जरला लावलं. पोचलो तेव्हा मुलं आजीजवळ दगडावर बसून बिस्किटं खात होती. कोणालाही इजा झाली नव्हती. बॉनेटखालून मात्र अजून वाफ येत होती. चाचांनी इंजिन निवू दिलं, वायर बदलली, पाणी भरलं. पंखा फिरला.

दिनानाथ एवढंच म्हणाला, “चाचा, फोन खोटा नाय बोलला. तुमी बोललात. आन् माजी पोरं गाडीत व्हती.”

चाचांनी मान खाली घातली.

दिनानाथ त्यानंतर आमच्या दारात आला नाही. चाचा मात्र बदलले. कोणाचाही कोड असो, मालकाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय आणि दोष काढल्याशिवाय ते पुसत नसत. वर्षभराने ओव्याच्या सोनाबाई आपली जीप घेऊन आल्या. म्हणाल्या, “दिनानाथनं धाडलंय. म्हनला, चाचा आता खरं सांगतील.” चाचांनी प्लग हातात घेतला. मग डोळे पुसून कामाला लागले.

मित्रांनो, माझ्या काचेवरचं काहीही एका बोटाने पुसता येतं. म्हणूनच तुम्हाला विनंती करतो. धोक्याचा दिवा लागला तर दिवा विझवू नका, दोष शोधा. आणि एखाद्याला सांगायची गोष्ट मनात अडली असेल, तर त्याने घाट चढायला लागायच्या आधी फोन करा.